बावीस अंशांवर थांबलेला कणा

ऑपरेशननंतरच्या पाचव्या दिवशी मुलीच्या वडिलांनी तिच्या पाठीचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, बोटानं स्क्रू मोजले आणि मला विचारलं, "डाक्टरसाहेब, डावीकडं आठ, उजवीकडं सहा. अन् पाठ अजून वाकडीच दिसून राह्यली. पुरी सरळ काऊन नाही केली?"

प्रश्न रास्त होता. संत्र्याच्या अख्ख्या आंबिया बहाराचे पैसे या कण्यात गेले होते. मोजायचा हक्क त्यांचाच. त्यांना तेव्हा मी पाच मिनिटांत उत्तर दिलं, पण खरं उत्तर त्याहून लांब आहे, आणि त्यातला एक भाग माझ्या चुकीचा आहे. मुलीच्या घरच्यांच्या परवानगीनं, तिचं नाव न लिहिता, ते इथं मांडतो.

मुलगी काटोलजवळच्या गावातली. घरी साडेतीन एकर संत्र्याची बाग. बारावं वर्ष संपायला दोन-तीन महिने असताना नरकचतुर्दशीच्या पहाटे आजी तिच्या पाठीला तेल-उटणं चोळत होती, तेव्हा उजवीकडचा फरा, म्हणजे खांद्याचं मागचं हाड, हाताला वर आलेला लागला. "पोरीचा फरा सुटला नं वो," असं आजींनी सुनेला सांगितलं आणि घरातल्या घरात निदानही झालं: दप्तराचं ओझं. मग पंचक्रोशीतल्या हाड बसवणाऱ्याकडं दोनदा पाठ चोळून घेतली. संक्रांतीनंतर शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक आलं. त्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मुलीला ओणवं उभं केलं, मागून पाहिलं आणि चिठ्ठी लिहून नागपूरला पाठवलं.

ओणवं उभं करून पाठ पाहायची ही रीत लंडनच्या विल्यम अ‍ॅडम्स यांनी १८६५ साली सांगितली. अजूनही तिच्याइतकी स्वस्त आणि चोख तपासणी दुसरी नाही. स्कोलिओसिसमध्ये, म्हणजे कणा वाकडा होण्याच्या आजारात, मणके नुसते एका बाजूला कलत नाहीत, पिळलेही जातात. त्या पिळाबरोबर बरगड्या मागं येतात आणि फरा वर उचलला जातो. आजींच्या हाताला लागला तो हाच पिळ. दप्तराचा त्याच्याशी संबंध नाही, बसण्याच्या सवयीचा नाही, गादीचाही नाही. अशा मुलींच्या आजाराला आम्ही 'इडिओपॅथिक' म्हणतो. त्या भारदस्त शब्दाचा अर्थ 'कारण ठाऊक नाही' इतकाच.

पहिल्या एक्स-रेत छातीच्या मणक्यांचा उजवीकडं गेलेला कर्व्ह, म्हणजे वाक, ३१ अंशांचा होता. हा कोन मोजायची पद्धत न्यूयॉर्कच्या जॉन कॉब यांची, १९४८ सालची. वरच्या सर्वांत कललेल्या मणक्याच्या वरच्या कडेला एक रेघ मारायची, खालच्या सर्वांत कललेल्या मणक्याच्या खालच्या कडेला दुसरी, आणि दोघींमधला कोन मोजायचा. दहा अंशांच्या आत असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणतच नाहीत. त्याच्या पुढचा कर्व्ह किशोरवयातल्या शंभरात दोन-तीन मुलांना असतो आणि त्यांतल्या बहुतेकांना अधूनमधून एक्स-रे काढण्यापलीकडं काही लागत नाही. या मुलीची गोष्ट वेगळी होती. पाळी सुरू झाली नव्हती आणि कमरेच्या हाडाच्या कडेवर वाढीची रेघ अजून उमटलीच नव्हती, म्हणजे हाडांची वाढ मोजायच्या रिसर मापावर शून्य. उंची वाढायची होती, आणि उंचीबरोबर कर्व्हही वाढतो. ब्रेस द्यायलाच हवा होता.

मे महिन्यातला पट्टा

ब्रेसला घरी सगळे 'पट्टा' म्हणतात. पट्टा कसला, काखेपासून कमरेपर्यंत घट्ट बसणारं ते प्लास्टिकचं चिलखत असतं. त्यानं वाक सरळ होत नाही. वाढीची वर्षं सरेपर्यंत तो आहे तिथं रोखून धरणं एवढंच त्याचं काम. हे काम तो करतो का, याबद्दल वर्षानुवर्षं वाद होता. अमेरिका-कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासानं २०१३ साली तो बराचसा मिटवला. ब्रेस घातलेल्यांपैकी ७२ टक्क्यांचा कर्व्ह ऑपरेशनच्या उंबरठ्याच्या आत राहिला, न घातलेल्यांपैकी ४८ टक्क्यांचा. आणि रोज सरासरी १३ तासांच्या आसपास किंवा त्याहून जास्त घालणाऱ्यांत यशाचं प्रमाण नव्वदीच्या पुढं होतं.

तो अभ्यास काटोलच्या उन्हाळ्यात झाला नव्हता. फेब्रुवारीत मुलीनं ब्रेस नेमानं घातला. मार्च उलटला तशी प्लास्टिकखाली घामोळं उठलं, मग कातडी सोलवटली. एप्रिलपासून आमच्याकडं दुपारी अंगावर सुती कपडासुद्धा नकोसा होतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढं असताना, शाळेला सुट्टी आणि कूलरला लोडशेडिंग असताना, बारा वर्षांच्या मुलीला 'अठरा तास घाल' असं सांगून मी मोकळा झालो होतो. आता अशा मुलींना मी उन्हाळ्यासाठी वेगळं वेळापत्रक देतो. रात्री गच्चीवर झोपताना ब्रेस, पहाटेचे तास ब्रेस, आत पातळ सुती बनियन दोनदा बदलायचं, आणि दुपारी बारा ते पाच मोकळीक. तेराचा आकडा असाही भरतो. तेव्हा मात्र मला हे सुचलं नव्हतं.

जुलैत कर्व्ह ३८ झाला होता. मे महिन्यात पाळी सुरू झाली होती, म्हणजे वाढीचा ऐन भर नुकताच सरला होता, पण वाढ अजून बाकी होती. मी रागावलो, आई गप्प राहिली, मुलगी खिडकीबाहेर बघत राहिली. त्यानंतर चौदा महिने ते आले नाहीत. त्या वर्षी बागेत फळगळ झाली होती हे मला नंतर कळलं.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात आले तेव्हा मुलगी नववीत होती. कर्व्ह ५६.

छातीतला कर्व्ह पन्नासच्या पुढं गेला की वाढ थांबल्यावरही तो थांबत नाही. वर्षाला साधारण एक अंश या गतीनं वाढत जातो. पंचविशीत सत्तर, चाळिशीत ऐंशीच्या पुढं, आणि मग फुप्फुसांना जागा कमी पडू लागते. म्हणून ४५-५० च्या आसपास ऑपरेशनचा विषय निघतो. आज दुखत असतं म्हणून नव्हे. या मुलीला तर काहीच दुखत नव्हतं. ती शाळेच्या खो-खो संघात होती आणि तिचा मला पहिला प्रश्न होता, "सर, मले खो-खो खेळता येईन का?"

मी तेव्हा 'बघू' म्हणालो. त्या 'बघू'चा हिशेब पुढं येतो.

तपासण्या थोडक्यात सांगतो. एमआरआयमध्ये मज्जारज्जू निकोप. फुप्फुसांची क्षमता अपेक्षेच्या ७८ टक्के. बाजूला वाकवून काढलेल्या एक्स-रेत ५६ चा मुख्य कर्व्ह २८ पर्यंत उतरत होता, म्हणजे निम्मा लवचीक. कमरेतला भरपाईचा कर्व्ह ३० चा, पण वाकल्यावर ८ होत होता. त्याला हात लावायची गरज नव्हती. वाढ जवळजवळ संपलेली, रिसर ४.

मोबाइलवर एका काकांनी 'दोरीच्या ऑपरेशन'चा व्हिडिओ दाखवला होता. त्यात मणक्यांच्या बाजूनं स्क्रू घालून लवचीक दोरी ओवतात आणि राहिलेल्या वाढीकडूनच कर्व्ह सरळ करून घेतात. अमेरिकेत २०१९ साली त्याला मर्यादित परवानगी मिळाली. कल्पना सुरेख आहे, पण ती वाढीवर चालते, आणि आमच्या मुलीची वाढ सरली होती. काकांना ते पटलं नाही.

मावशीआजींची सळई

घरच्यांची खरी भीती वेगळीच होती आणि ती दुसऱ्या भेटीत स्वतःच्या पायांनी ओपीडीत चालत आली. मुलीच्या आईची मावशी, नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या, शाळेत शिक्षिका. त्यांचं १९८४ साली मुंबईत पाठीचं ऑपरेशन झालं होतं. कापडी पिशवीतून त्यांनी पिवळा पडलेला एक्स-रे काढला. डाव्या बाजूनं एकच सळई, वरच्या टोकाला हूक, खालच्या टोकाला हूक, मधे कुठंच काही नाही.

"सहा महिने प्लास्टरमध्ये होते मी. त्यातला मे महिना इथं, नागपुरात," असं म्हणून त्यांनी नातीकडं रोखून पाहिलं. "अन् तू पट्टा काढून ठेवत होतीस."

ती सळई हॅरिंग्टन रॉड. ह्यूस्टनचे पॉल हॅरिंग्टन पोलिओनं पाठ वाकलेल्या मुलांवर उपचार करत होते. त्यातून १९५० च्या दशकात त्यांनी ही पद्धत घडवली आणि १९६२ साली ती प्रसिद्ध केली. गाडीखाली जॅक लावतात तसं तिचं काम: वाकाच्या आतल्या बाजूला दोन टोकांत हूक अडकवायचे आणि दाते असलेल्या सळईवर ते एकमेकांपासून लांब सरकवायचे. कणा ताणला जातो आणि कोन कमी होतो. त्याआधी कणा आतून धरून ठेवणारं काही नव्हतं, सगळी भिस्त प्लास्टर आणि बिछान्यावर. त्यामानानं हा चमत्कारच. पण दोनच ठिकाणी पकड, म्हणून बाहेरून महिनोन्‌महिने प्लास्टर. पिळ तसाच. आणि ताणल्यामुळं कमरेची नैसर्गिक कमान सपाट होते. मावशीआजींची सळई कमरेच्या चौथ्या मणक्यापर्यंत गेली होती. त्या उभ्या राहिल्या की धड पुढं झुकायचं, आणि सरळ दिसावं म्हणून गुडघे किंचित वाकवायला लागायचे. फळ्यावर वरच्या ओळीत लिहिणं त्यांनी कधीच सोडलं होतं. घरात 'ऑपरेशन म्हणजे मावशीसारखं' असं ठरलं होतं ते यामुळं.

पुढची वाटचाल मी त्यांना कागदावर काढून दाखवली. १९७० च्या दशकात मेक्सिकोचे एदुआर्दो लुके यांनी प्रत्येक मणक्याखालून तार ओवून ती सळईला बांधली, म्हणजे पकड दोन ठिकाणांऐवजी दर मजल्यावर आली. त्यांच्या रुग्णांना बाहेरचं प्लास्टर परवडत नव्हतं आणि उष्ण हवेत सोसवतही नव्हतं. तेही कारण त्यामागं होतं, हे कळल्यावर मावशीआजी पहिल्यांदा हसल्या. १९८० च्या दशकात फ्रान्सच्या कोत्रेल आणि द्युबुसे यांनी अनेक हूक लावून वाकवलेला रॉड जागेवर फिरवायची युक्ती आणली. त्यामुळं बाजूचा वाक मागं वळवून छातीच्या कण्याची हरवलेली गोलाई परत आणता येऊ लागली. आणि १९९५ मध्ये कोरियाच्या से-इल सुक यांनी छातीच्या मणक्यांतही पेडिकल स्क्रू घालून स्कोलिओसिस सरळ करता येतो हे मोठ्या प्रमाणावर दाखवलं. तोवर छातीत स्क्रू म्हटलं की लोक कानावर हात ठेवत.

पेडिकल म्हणजे मणक्याच्या पुढच्या ठोकळ्याला मागच्या कमानीशी जोडणारा हाडाचा पूल. हुकाची पकड मागच्या पातळ कमानीवरच राहते, पण त्या पुलातून गेलेला स्क्रू थेट ठोकळ्यात रुततो, म्हणून अख्खा मणका हातात येतो आणि पिळही उलगडता येतो. अडचण एवढीच की वाकाच्या आतल्या बाजूला, ऐन टोकाशी हा पूल तीन-चार मिलिमीटर रुंद असतो, आणि मज्जारज्जू त्याच भिंतीला टेकून चाललेला असतो.

चौदा स्क्रू

सरकारी योजनेतून करून घ्यायचा पर्याय मी आधी मांडला होता. दोन महिने विचार करून वडिलांनी आमच्याकडंच करायचं ठरवलं, बहाराचे पैसे आणि एका धर्मादाय ट्रस्टची मदत मिळून. दिवस डिसेंबरातला. आंबिया बहार विकून झालेला असतो आणि पाठीवर वीतभर जखम घेऊन उन्हाळा काढावा लागत नाही.

मग इम्प्लांटचं कोटेशन आलं. हे बिल नगावर चालतं: स्क्रू इतके, प्रत्येक स्क्रूचं झाकण म्हणजे सेट स्क्रू वेगळा, रॉड वेगळे. देशी आणि परदेशी बनावटीच्या भावात कित्येक पटींचा फरक. हृदयाच्या स्टेंटला फेब्रुवारी २०१७ मध्ये आणि गुडघ्याच्या सांध्याला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारनं कमाल किंमत ठरवून दिली. पाठीच्या स्क्रूला तशी मर्यादा नाही. वडिलांनी कागदावरचा एका स्क्रूचा भाव मनातल्या मनात क्रेटमध्ये बदलला आणि विचारलं, "वीसच्या वीस लागतात का, साहेब?"

छातीच्या चौथ्या मणक्यापासून कमरेच्या पहिल्या मणक्यापर्यंत, म्हणजे टी-४ ते एल-१, दहा मणके जोडायचे होते. दोन्ही बाजूंनी मिळून जागा वीस. माझ्या शिकण्याच्या काळात सगळ्या जागा भरायची रीत होती आणि कोणी 'का' विचारत नसे. हा प्रश्न एका संत्रा बागायतदारानं विचारावा आणि मी तो स्वतःला विचारलेला नसावा, याची मला जरा लाज वाटली. लवचीक कर्व्हमध्ये कमी स्क्रूंनीही जवळपास तेवढंच काम होतं हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. प्रत्येक स्क्रूबरोबर वेळ, रक्त आणि चुकायची एक संधी येते, ते वेगळंच. मी पुन्हा एक्स-रे घेऊन बसलो. दोन्ही टोकांना पकड पक्की हवी, तिथं सगळे. आतल्या बाजूला वाकाच्या शिखराभोवती हवेत, तिथूनच मणका ओढायचा असतो. बाहेरच्या बाजूला अधलेमधले वगळता येतात. डावीकडं आठ, उजवीकडं सहा. चौदा.

स्क्रू टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, ज्यात सहा टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असतं. रॉड दोन्ही साडेपाच मिलिमीटर जाडीचे, पण धातू वेगळे. डावा, सगळा जोर सोसणारा, कोबाल्ट-क्रोमचा, उजवा टायटॅनियमचा. टायटॅनियम लवतं. वाकवून घातलेला रॉड कण्याला सरळ करता करता स्वतःच सपाट होऊन बसतो. कोबाल्ट-क्रोम साधारण दुप्पट ताठ, दिलेला आकार सोडत नाही. या दोन धातूंचं एकमेकांशी जमतं. टायटॅनियमबरोबर स्टील मात्र आम्ही टाळतो, गंजण्याच्या भीतीनं.

खालचं टोक कुठं ठेवायचं हा खो-खोचा प्रश्न होता. एल-१ वर थांबलो तर कमरेचे खालचे सगळे सांधे मोकळे राहतात आणि ती पाटीवर बसू शकते, वळू शकते, उठून धावू शकते. एल-३ पर्यंत गेलो तर एक्स-रे जास्त देखणा दिसतो. मावशीआजी समोरच बसल्या होत्या, त्यामुळं फार चर्चा झाली नाही.

स्क्रू सहानं कमी झाले तेव्हा वडिलांना हुरूप आला. कोटेशनमधल्या आणखी एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं: न्यूरोमॉनिटरिंग. "हे काय? हेही काढता येईन का?"

नाही म्हणालो. इतक्या तुटकपणे म्हणालो की आईनं चमकून माझ्याकडं पाहिलं.

अकरा चाळीस

ऑपरेशन सकाळी आठला सुरू झालं. मुलगी पालथी, डोक्याच्या कातडीत बारीक सुया, हातापायांच्या स्नायूंतही सुया. दर काही मिनिटांनी मेंदूवरून विजेचा हलका ठोका द्यायचा आणि पायाच्या स्नायूत तो किती पोचतो ते पडद्यावर पाहायचं. हेच ते न्यूरोमॉनिटरिंग. यासाठी भूल शिरेतूनच देतात, कारण नाकावाटे दिलेल्या वायूनं हे सिग्नल दबतात. हे तंत्र नव्हतं तेव्हा ऑपरेशनच्या मध्यावर पेशंटला अर्धवट जागं करून 'पाय हलव' म्हणत. फ्रान्सच्या स्तान्यारा यांच्या गटानं १९७३ साली ती रीत मांडली आणि मॉनिटर बंद पडला तर आजही तीच कामी येते.

स्क्रू घालायला अडीच तास लागले. प्रत्येक जागी आधी बारीक सळईनं वाट पाडायची आणि स्क्रू जाण्याआधी पाच बाजू चाचपायच्या: चार भिंती आणि तळ. टोकाला मऊ लागलं तर भिंत फुटली. हे बोटांना कळतं, डोळ्यांना नाही. डावीकडच्या टी-८ ला मी तीनदा चाचपलं. सांध्यांच्या कडा कापून, त्यातल्या हाडाचा चुरा वाटीत जमवून ठेवला. तो पुढं लागतो.

अकरा चाळीसच्या सुमारास डावा रॉड स्क्रूंच्या डोक्यांत बसवून आम्ही तो फिरवायला सुरुवात केली. नव्वद अंश फिरला की बाजूचा वाक मागं वळतो. सत्तरच्या आसपास असताना तंत्रज्ञ बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, लेफ्ट लेग जातोय." डाव्या पायाचे सिग्नल ऐंशी टक्क्यांहून जास्त घटले होते. उजवा पाय ठीक, हात ठीक.

हात ठीक असणं महत्त्वाचं. भूल जास्त झाली असती तर हातांचेही सिग्नल पडले असते. म्हणजे बिघाड खाली होता, आम्ही जिथं ओढत होतो तिथं.

मी हात वर केले आणि आमच्या भुलीच्या सहकाऱ्यांना रक्तदाब विचारला. सरासरी दाब ६८. इथं माझी चूक. स्नायू सोडवताना रक्त कमी जावं म्हणून दाब मुद्दाम खाली ठेवतात, आणि रॉड फिरवण्याआधी तो ऐंशीच्या पुढं आणून घ्यायचा असतो. ताणलेल्या मज्जारज्जूला रक्त पुरायला तेवढा दाब लागतो. हे सांगणं माझं काम होतं. लयीत होतो, विचारायचं राहिलं.

त्यानंतरची कामं भिंतीवर चिकटवलेल्या यादीतून, एकेक मोठ्यानं वाचून केली. दाब ८५ च्या वर न्या. ऑक्सिजन शंभर टक्के. हिमोग्लोबिन ८.९ आलं, रक्ताची पिशवी लावा. जखमेत कोमट सलाइन. सेट स्क्रू ढिले करून रॉड परत मागं फिरवला. सी-आर्मखाली, म्हणजे टेबलाशीच असणाऱ्या एक्स-रे यंत्राखाली, चौदाही स्क्रू पाहिले, सगळे जागेवर. स्टेरॉइड द्यायचं की नाही यावर दोन मतं आहेत. मी दिलं नाही.

मग वाट पाहायची. ऑपरेशन थिएटरमध्ये इतकी शांतता असते तेव्हा एसीचा आवाजही मोठा वाटतो. नवव्या मिनिटाला काही नाही. चौदाव्या मिनिटाला पावलाच्या स्नायूत एक लहानशी लाट. चोविसाव्या मिनिटाला सिग्नल मूळच्या तीन चतुर्थांशाच्या पुढं आला.

आता तीन वाटा होत्या. सगळं बंद करून पंधरा दिवसांनी परत यायचं. किंवा दाब चांगला आहे म्हणून रॉड पुन्हा पूर्ण नव्वदला न्यायचा. किंवा मधे कुठंतरी थांबायचं. मी दाब ८८ वर असताना रॉड हळूहळू पन्नासपर्यंत फिरवला, पाच मिनिटं थांबलो, सिग्नल पाहिला, आणि तिथंच सेट स्क्रू आवळले. उजवा रॉड नुसता बसवला. पिळ उलगडण्यासाठी मणके दाबायची जी पायरी असते, ती वगळली. त्यामुळं पाठीचा फुगवटा थोडा राहणार हे तेव्हाच ठरलं.

शेवटी हाडाची वरची साल खरवडून वाटीतला चुरा दोन्ही बाजूंना पसरला. घरच्यांना मी हे सेंट्रिंगच्या भाषेत सांगतो. स्क्रू आणि रॉड हे सेंट्रिंग, खरा स्लॅब म्हणजे हा हाडाचा चुरा, जो सहा महिने ते वर्षभरात एकजीव होतो. फरक इतकाच की हे सेंट्रिंग उतरवत नाहीत. आणि स्लॅब धरलाच नाही तर कितीही महागाची सळई एक दिवस थकून तुटते.

टेबलावरच भूल उतरवली. "बेटा, पायाची बोटं हलव." दोन्ही पायांची हलली. डावीकडची जरा उशिरानं, की मलाच तसं वाटलं.

आठ आणि सहा

एक रात्र अतिदक्षता विभागात, दुसऱ्या दिवशी बिछान्याच्या कडेला बसवली, तिसऱ्या दिवशी चालली. डाव्या पायाची ताकद पूर्ण होती. उंची तीन सेंटिमीटर वाढली. आईनं ती सलवारीवरून ओळखली, आम्ही पट्टीनं. पाचव्या दिवशीच्या उभ्या एक्स-रेत कर्व्ह २२ होता. ५६ चा २२, म्हणजे साठ टक्के. सगळं सुरळीत झालं असतं तर पंधराच्या आसपास आला असता.

आणि त्या दिवशी वडिलांनी स्क्रू मोजले. मी त्यांना अकरा चाळीसची गोष्ट सांगितली, रक्तदाबासकट. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे ते मॉनिटरवालं बिल तुम्ही काढू दिलं नाही तेच बरं झालं." चूक कोणाची, यावर त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर जास्त बरं वाटलं असतं.

बावीस अंशांची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ते नुसतं तडजोडीचं वाटेल. कमरेचा मोकळा सोडलेला कर्व्ह ३० वरून आपोआप १४ वर आला. वरचा बावीस आणि खालचा चौदा एकमेकांना तोलून आहेत, आणि डोकं नेमकं माकडहाडाच्या वर येतं. छातीचा कर्व्ह नको तितका सरळ केला आणि कमरेला ते झेपलं नाही, तर डावा खांदा वर जातो किंवा धड एका बाजूला सरकतं. अशा देखण्या एक्स-रेच्या, पण तिरक्या उभ्या राहणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. तरीही मला निवड असती तर मी अठराला थांबलो असतो. हे चार अंश माझ्या खात्यावर.

पाचव्या आठवड्यात शाळा सुरू झाली. सहा महिने वजन उचलणं, वाकून झाडणं, मोटारसायकलवर मागं बसून खड्ड्यांतून जाणं बंद. नागपूर-काटोल रस्त्याची अवस्था पाहता तिसरी अट सर्वांत कठीण गेली. वर्षाच्या एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं, कोन २३, म्हणजे मोजण्यातला फरक सोडला तर तिथंच. पाठीचा फुगवटा ओणवं उभं केलं की अजून दिसतो. दहावीची परीक्षा तोंडावर असल्यानं खो-खो संघात ती राखीव होती. पण सरावाला जाते, पाटीवर बसते, खांबाला हात टेकून वळते. तिच्या मते ती पूर्वीपेक्षा जराशी हळू उठते. आईच्या मते अजिबात नाही.

त्या भेटीला मावशीआजीही आल्या होत्या. मुलीचं सगळं पाहून झालं, वडील बिलाच्या खिडकीकडं गेले. मग त्यांनी पिशवीतून तोच पिवळा एक्स-रे काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि दार नीट लागलंय ना ते पाहून म्हणाल्या, "आता हिचं झालं. माझं काही होण्यासारखं आहे का ते बघा. पण घरी सांगू नका अजून."

चाळीस वर्षांची सळई, तिच्याखाली झिजलेले दोन मणके, सपाट कंबर. मावशीआजींचा उभा एक्स-रे, डोक्यापासून मांड्यांपर्यंत, सोमवारी काढायचा आहे.